फीचर मॅचिंग करताना रेघा मोजू नका, त्यांची टोकं बघा

माझं पहिलंवहिलं फीचर मॅचिंग, म्हणजे दोन फोटोंमधले तेच ते बिंदू शोधून त्यांच्या जोड्या लावणं, इतकं सुंदर आलं होतं की मी कौतुकाने स्क्रीनशॉट काढून ठेवला. दोन फोटो शेजारी-शेजारी, मधे शंभरेक हिरव्या रेघा, सगळ्या समांतर, एकही तिरकी नाही. मग त्यावरून होमोग्राफी, म्हणजे एका फोटोतला बिंदू दुसऱ्यात कुठे पडतो ते सांगणारी मॅट्रिक्स, काढली आणि पहिला फोटो दुसऱ्यावर बसवायला गेलो, तर तो जागचा हलेच ना. अर्धा दिवस मॅट्रिक्स प्रिंट करत बसलो, ती जवळपास आयडेंटिटीच, म्हणजे काहीच न हलवणारी, येत होती. शेवटी रेघांची टोकं झूम करून बघितली तेव्हा ट्यूब पेटली. कॅमेऱ्याने दोन्ही फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात तारीख-वेळ छापली होती आणि सगळे मॅच त्या पिवळ्या आकड्यांवरचे होते. गणित बरोबर, कोड बरोबर, उत्तर बिनकामाचं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की बिंदू शोधणं आणि त्यांच्या जोड्या लावणं हे पायथनच्या दहा ओळींचं काम आहे, खरी मेहनत त्यातल्या खोट्या जोड्या ओळखण्यात जाते. म्हणून पुढे पायऱ्या सगळ्या सांगतो, पण रेंगाळणार आहे ते दुसऱ्या अर्ध्यात.

कुठला बिंदू कामाचा?

एका कागदाला नखाएवढं चौकोनी भोक पाडा आणि तो कागद एखाद्या प्रिंट काढलेल्या फोटोवर ठेवून सरकवा. भोकातून कोरी भिंत दिसत असेल तर कागद कुठेही सरकवला तरी आत काहीच बदलत नाही. भिंतीची कड दिसत असेल तर कडेच्या दिशेने सरकवल्यावर बदल नाही, आडवं सरकवल्यावर मात्र लगेच बदल. आणि कोपरा दिसत असेल तर कुठल्याही दिशेला जरासं हललं तरी चित्र बदलतं. बस, एवढीच आयडिया आहे. जो तुकडा थोडा हलवला तरी स्वतःसारखा दिसत नाही, तो पुन्हा नेमका सापडवता येतो. हॅरिस आणि स्टीफन्सनी १९८८ मध्ये हेच गणितात मांडलं, ग्रेडियंटची, म्हणजे उजेड कुठल्या दिशेला किती बदलतो त्याची, दोन बाय दोनची मॅट्रिक्स घ्यायची आणि तिच्या दोन्ही आयगनव्हॅल्यू (दोन मुख्य दिशांना बदल किती ते सांगणारे आकडे) मोठ्या असतील तर तो कोपरा. १९९४ मध्ये शी आणि तोमासी म्हणाले की दोघींतली लहान व्हॅल्यू बघितली तरी पुरतं, आणि ओपनसीव्ही या इमेज प्रोसेसिंगच्या लायब्ररीतलं 'गुड फीचर्स टू ट्रॅक' हे फंक्शन म्हणजे तेच.

या पद्धतीची अडचण म्हणजे फोटो झूम झाला की कोपरा गोल दिसायला लागतो आणि कोपरा राहतच नाही. त्यावरचं गाजलेलं उत्तर म्हणजे डेव्हिड लो यांचं सिफ्ट, पहिल्यांदा १९९९ मध्ये आणि पूर्ण तपशिलात २००४ मध्ये. फोटो वेगवेगळ्या प्रमाणात ब्लर करायचा, लागोपाठच्या दोन ब्लरमधला फरक काढायचा आणि आजूबाजूच्या तसंच वरच्या-खालच्या लेव्हलच्या शेजाऱ्यांपेक्षा, म्हणजे एकूण २६ शेजाऱ्यांपेक्षा, जो बिंदू उठून दिसेल तो घ्यायचा. त्यामुळे बिंदूसोबत त्याची साइझपण कळते. मग त्याच्या आसपासच्या ग्रेडियंटवरून त्याची दिशा ठरवायची, आणि त्या दिशेला सरळ धरून भोवतालचा भाग ४ बाय ४ खणांत वाटून प्रत्येक खणात ८ दिशांचा हिस्टोग्राम भरायचा. ४ गुणिले ४ गुणिले ८ म्हणजे १२८ आकडे, हा झाला त्या बिंदूचा डिस्क्रिप्टर. फोटो फिरला, लहान झाला, थोडा अंधारला तरी हे आकडे साधारण तेच राहतात.

सिफ्ट घ्यायचं की ऑर्ब?

पूर्वी या प्रश्नावर पेटंटचं सावट असायचं. सिफ्टचं अमेरिकन पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आणि ओपनसीव्ही ४.४ पासून ते मुख्य पॅकेजमध्येच आलं, त्यामुळे 'सिफ्टसाठी काँट्रिब पॅकेज टाका' असं कुठे वाचलंत तर तो सल्ला जुना आहे. ऑर्ब म्हणजे सिफ्टसारखंच बिंदू शोधून डिस्क्रिप्टर देणारं पण हलकं तंत्र, २०११ चं. त्यात कोपरे फास्ट पद्धतीने शोधतात, म्हणजे पिक्सेलभोवतीच्या १६ पिक्सेलच्या वर्तुळात सलग बरेच पिक्सेल एकतर उजळ किंवा गडद आहेत का एवढंच बघायचं, आणि डिस्क्रिप्टर म्हणून 'हा पिक्सेल त्या पिक्सेलपेक्षा गडद आहे का' अशा २५६ हो-नाही प्रश्नांची उत्तरं साठवायची. २५६ बिट म्हणजे ३२ बाइट. सिफ्टचे १२८ फ्लोट म्हणजे ५१२ बाइट, सरळ सोळापट.

माझा नियम सोपा आहे. व्हिडिओवर लाइव्ह चालवायचं असेल किंवा मशीन छोटं असेल तर ऑर्ब, बाकी सगळीकडे आधी सिफ्ट. वेगाची चिंता नंतर करा, कारण सिफ्टने पण होत नसेल तर गडबड फोटोंमध्ये आहे हे लगेच कळतं, ऑर्बने नाही झालं तर दोष कुणाचा तेच कळत नाही. एकेझ आणि ब्रिस्क हे आणखी पर्यायपण आहेत, चांगलेच आहेत, पण शिकताना एवढ्यांत अडकू नका.

पायरी १: फोटो नीट आत घ्या

पिपने ओपनसीव्ही-पायथन टाका. फोटो वाचल्यावर सगळ्यात आधी तो नन (पायथनमधलं 'काहीच नाही') तर नाही ना ते तपासा, कारण पाथ चुकला तरी इमरीड एरर देत नाही, गुपचूप नन परत करतं आणि तुम्ही तीन ओळी खाली भलत्याच एररशी भांडत बसता. मग ग्रेस्केल करा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो असेल तर लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणा आणि आकार कमी करताना इंटर-एरिया हा पर्याय वापरा. मोठ्या फोटोत बिंदू जास्त मिळतात खरे, पण त्यातले बरेचसे सेन्सरच्या नॉइजवरचे असतात. किती पटीने लहान केलं तो आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, शेवटी कोऑर्डिनेट मूळ फोटोवर न्यायचे असतात आणि तेव्हा हमखास विसरायला होतं.

आता मास्क. फोटोएवढीच आठ बिटची काळी-पांढरी इमेज बनवायची, जिथे बिंदू हवेत तिथे २५५ आणि जिथे नकोत तिथे शून्य, आणि ती डिटेक्ट-अँड-कम्प्यूटला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून द्यायची. तारखेचा शिक्का, लोगो, गाडीतून घेतलेला व्हिडिओ असेल तर त्यात दिसणारं बॉनेट, असं जे दोन्ही फ्रेममध्ये जागच्या जागी असतं ते सगळं झाकून टाका. हे मी अर्धा दिवस घालवून शिकलो, तुम्ही दोन मिनिटांत करा.

फोटो फारच फिका असेल तर क्लाहे नावाचं लोकल कॉन्ट्रास्ट वाढवणारं फंक्शन लावून बघता येतं, क्लिप लिमिट २ आणि ८ बाय ८ टाइल घेऊन सुरुवात करा. पण अंधारातल्या फोटोला ते लावलं की नॉइजपण तेवढ्याच जोमाने वर येतो, तेव्हा सरसकट लावू नका.

पायरी २: बिंदू काढा आणि काढून झाले की बघा

सिफ्ट-क्रिएट करायचं, डिटेक्ट-अँड-कम्प्यूट चालवायचं, कीपॉइंटची यादी आणि डिस्क्रिप्टरचा अ‍ॅरे मिळतो. एकही बिंदू नाही सापडला तर डिस्क्रिप्टर नन येतो, तेवढं सांभाळा. ऑर्ब वापरत असाल तर डिफॉल्ट मर्यादा फक्त ५०० बिंदूंची आहे, ती २००० वगैरे करा, 'ऑर्ब फालतू आहे' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी हा आकडा बदललेलाच नसतो.

मॅचिंगकडे पळायच्या आधी ड्रॉ-कीपॉइंट्स रिच फ्लॅग लावून चालवा, म्हणजे प्रत्येक बिंदूवर त्याच्या साइझचं वर्तुळ आणि दिशेची काडी दिसते. इथे दोन गोष्टी बघायच्या. ज्या वस्तूशी मतलब आहे तिच्यावर बिंदू आहेत का? आणि ते पसरलेत का, की सगळे एका झाडाच्या पानांवर गर्दी करून बसलेत? ऑर्बची ही खोड आहेच, जिथे टेक्स्चर दाट तिथेच सगळा कोटा संपवून टाकतं. इलाज म्हणजे फोटोचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातून ठरावीकच बिंदू घ्यायचे. सिफ्टमध्ये बिंदू कमी येत असतील तर कॉन्ट्रास्ट थ्रेशोल्ड ०.०४ वरून ०.०२ वर आणून बघा.

पायरी ३: जोड्या लावा

ब्रूट फोर्स मॅचर म्हणजे पहिल्या फोटोतल्या प्रत्येक डिस्क्रिप्टरची दुसऱ्यातल्या प्रत्येकाशी तुलना. १०,००० विरुद्ध १०,००० म्हणजे १० कोटी तुलना, ऐकायला भयंकर वाटतं पण दोनच फोटो असतील तर चालून जातं. फोटो शेकड्यांनी असतील तेव्हा फ्लॅन या अंदाजाने पण झटपट शेजारी शोधणाऱ्या मॅचरकडे वळा, त्यात सिफ्टसाठी केडी-ट्री आणि ऑर्बसाठी एलएसएच इंडेक्स. अंतराचा प्रकार चुकवू नका, सिफ्टला एल-टू (नेहमीचं सरळ रेषेतलं अंतर), ऑर्बला हॅमिंग (किती बिट वेगळे आहेत ती मोजणी). ऑर्बला एल-टू लावलं तर एरर येत नाही, उत्तरं येत राहतात, फक्त ती भिकार असतात, आणि एरर न देणाऱ्या चुकांइतका वेळ दुसरं काही खात नाही.

हॅमिंगचा एक आकडा डोक्यात असू द्या. २५६ बिटच्या दोन अगदी असंबंधित ओळी घेतल्या तर सरासरी १२८ बिट वेगळे निघतात. म्हणजे ९०-१०० अंतराचा 'बेस्ट मॅच' हा निव्वळ बाकीच्यांपेक्षा कमी वाईट आहे. ऑर्ब-स्लॅम या ऑर्बवरून कॅमेऱ्याची जागा आणि नकाशा काढणाऱ्या प्रणालीच्या कोडमध्ये कडक मर्यादा ५० आणि सैल मर्यादा १०० ठेवलीय, तुम्हीपण तिथूनच सुरुवात करा.

पायरी ४: रेशो टेस्ट

मॅचरला चुकीचं उत्तर द्यायची लाज नसते. दुसऱ्या फोटोत ती वस्तू नसली तरी प्रत्येक बिंदूला कोणीतरी सगळ्यात जवळचा असतोच, आणि तो तुमच्या हातात देऊन मॅचर मोकळा. लो यांची युक्ती अशी की सगळ्यात जवळच्यासोबत दुसऱ्या नंबरचापण मागायचा, म्हणजे केएनएन-मॅच आणि के बरोबर २, आणि दोघांच्या अंतराचं गुणोत्तर बघायचं.

समजा एका बिंदूला पहिला मॅच १२० अंतरावर आणि दुसरा २६० वर मिळाला, गुणोत्तर ०.४६, म्हणजे पहिला उमेदवार स्पष्टपणे वेगळा आहे, घ्या. दुसऱ्या बिंदूला पहिला १८० वर आणि दुसरा १९० वर, गुणोत्तर ०.९५, म्हणजे अल्गोरिदमला स्वतःलाच खात्री नाही, सोडून द्या. गंमत बघा, अंतर स्वतः किती आहे याला इथे तितकं महत्त्व नाही. ११० आणि ११५ ची जोडी असती तर ती पहिल्या १२० वालीपेक्षा जवळची असूनसुद्धा बाद झाली असती. लो यांनी ०.८ ही मर्यादा धरली होती आणि त्यांच्या डेटावर त्याने ९० टक्के खोटे मॅच गेले, खरे मात्र ५ टक्क्यांपेक्षा कमी गेले. मी ०.७५ पासून सुरू करतो.

यात कोडचे दोन खड्डे आहेत. क्रॉस-चेक (दोन्ही बाजूंनी एकमेकांना निवडलेल्या जोड्याच ठेवणं) चालू ठेवून के बरोबर २ मागितलं तर ओपनसीव्ही असर्शन एरर देतं, दोन्ही हवं असेल तर उलट दिशेचं मॅचिंग स्वतः करून जुळवा. आणि फ्लॅनचा एलएसएच कधीकधी एखाद्या बिंदूला दोनऐवजी एकच शेजारी देतो किंवा एकही देत नाही, मग दोन व्हेरिएबलमध्ये उलगडणारी ती फॉर-लूपची ओळ फुटते, तेव्हा लांबी तपासूनच आत घ्या.

रेशो टेस्ट जिथे आपटते ती जागापण सांगतो, एकसारख्या खिडक्यांची इमारत. चाळीस खिडक्या, प्रत्येकीचा डावा-वरचा कोपरा सारखाच. पहिला आणि दुसरा शेजारी कायम बरोबरीत, त्यामुळे खरे मॅचपण फेकले जातात. अशा वेळी मर्यादा ०.८५ पर्यंत सैल करून पुढच्या पायरीवर भार टाकलेला परवडतो, किंवा खिडक्या सोडून दारावरची पाटी, पाइप, वाळत घातलेले कपडे अशा एकमेव गोष्टींचे बिंदू मिळतील एवढं रिझोल्यूशन ठेवा.

पायरी ५: रॅन्सॅक

आत्तापर्यंत प्रत्येक जोडी एकटी तपासली. आता विचारायचं की सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगतायत का. फिशलर आणि बोल्स यांनी १९८१ मध्ये मांडलेला रॅन्सॅक अगदी बेधडक आहे, कुठल्याही ४ जोड्या उचला, त्यावरून होमोग्राफी काढा, बाकीच्यांतल्या किती तिला मान्य आहेत ते मोजा, परत दुसऱ्या ४ उचला, शेवटी सगळ्यात जास्त पाठिंबा मिळालेली ठेवा.

किती वेळा उचलायच्या? निम्म्या जोड्या खऱ्या असतील तर चारही खऱ्या पडायची शक्यता ०.५ चा चौथा घात, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर जराशी, आणि ९९ टक्के खात्रीसाठी ७२ फेऱ्या पुरतात. खऱ्या फक्त २० टक्के असतील तर हाच आकडा जवळपास २,९०० होतो, आणि ओपनसीव्हीची डिफॉल्ट मर्यादा २,००० फेऱ्यांची आहे! म्हणूनच आधी रेशो टेस्ट नीट करायची, रॅन्सॅक सगळं धुऊन काढेल या भरवशावर कचरा आत ढकलायचा नाही.

फाइंड-होमोग्राफीला बिंदू देताना क्वेरी इंडेक्स पहिल्या फोटोचा आणि ट्रेन इंडेक्स दुसऱ्याचा, हे उलटं झालं तर एकतर इंडेक्सची एरर येते किंवा (त्याहून वाईट) येत नाही. कीपॉइंटचे कोऑर्डिनेट आधी एक्स मग वाय असतात आणि नमपायमध्ये पिक्सेल उचलताना आधी वाय मग एक्स, या एका उलटापालटीने किती संध्याकाळी खाल्ल्या असतील देव जाणे. थ्रेशोल्ड, म्हणजे किती चूक चालवून घ्यायची ती मर्यादा, ३ पिक्सेल ठीक आहे, फोटो लहान करून घेतलाय हे लक्षात ठेवून. नवीन व्हर्जनमध्ये रॅन्सॅकचा सुधारलेला प्रकार निवडणारा यूसॅक-मॅगसॅक हा फ्लॅग मिळतो, तो थ्रेशोल्डबद्दल कमी नखरे करतो, मी आता तोच लावतो.

आणि होमोग्राफी लागू कधी होते? सपाट वस्तू असेल, किंवा कॅमेरा जागेवरून न हलता फक्त फिरला असेल, तेव्हाच. खोलीत चार पावलं चालून दोन फोटो काढले तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू वेगवेगळ्या सरकतात, तिथे एकच होमोग्राफी बसणार नाही, तिथे फंडामेंटल मॅट्रिक्स काढायची. ती जरा ढिली असते, बिंदू नेमका कुठे असावा हे न सांगता फक्त कुठल्या रेषेवर असावा एवढंच सांगते, म्हणून योगायोगाने त्या रेषेवर पडलेले खोटे मॅच तिच्यातून सटकतात.

पायरी ६: आलेल्या उत्तरावर संशय घ्या

रॅन्सॅक रिकाम्या हाताने सहसा परत येत नाही. कुठल्याही ४ जोड्यांवर होमोग्राफी अचूक बसतेच, त्यामुळे '७ इनलायर मिळाले', म्हणजे होमोग्राफीला मान्य अशा ७ जोड्या निघाल्या, ही बातमीच नाही. मी दर नवीन प्रोजेक्टला एक प्रयोग करतो, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असे वीसेक फोटो घेऊन त्यांच्या जोड्यांवर हीच सगळी साखळी चालवतो आणि सगळ्यात जास्त इनलायर किती आले ते लिहून ठेवतो. त्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर गेल्याशिवाय मॅच मानायचा नाही. पॅनोरमासाठी ब्राउन आणि लो यांनी २००७ मध्ये वापरलेला निकषपण हाताशी ठेवा, इनलायर ८ अधिक ओव्हरलॅपमधल्या फीचरच्या ०.३ पट याहून जास्त हवेत.

मग पहिल्या फोटोचे चार कोपरे होमोग्राफीने दुसऱ्यात नेऊन बघा. चौकोन चौकोनासारखाच राहिला पाहिजे. बो-टायसारखा पीळ पडला, आरशात बघितल्यासारखा उलटा झाला किंवा सगळा एका टाचणीच्या टोकात गोळा झाला तर उत्तर टाकून द्या, इनलायर कितीही असोत. इनलायर फोटोभर पसरलेत का तेपण बघा, एका कोपऱ्यातल्या साठ बिंदूंवरून काढलेली होमोग्राफी त्या कोपऱ्यात पर्फेक्ट आणि समोरच्या कोपऱ्यात पन्नास पिक्सेल चुकलेली असू शकते. माझा तारखेचा शिक्का इथेच पकडला गेला असता.

आकडे जुळतात की नाही हे खात्रीने बघायचं असेल तर स्वतःच खोटा फोटो तयार करा. एकच फोटो घ्या, गेट-रोटेशन-मॅट्रिक्सने ३० अंश फिरवा, ०.७ पट लहान करा, आणि मूळ फोटोशी मॅच करा. खरं उत्तर तुमच्याकडेच आहे, तेव्हा प्रत्येक मॅच किती पिक्सेलने चुकला ते थेट मोजता येतं. इथे बहुतेक मॅच ३ पिक्सेलच्या आत यायला हवेत, नाही आले तर खऱ्या फोटोंकडे जाऊच नका, बग कोडमध्ये आहे.

इतकं करूनही नाही जमलं तर

हललेला फोटो असेल तर परत काढा, त्याला औषध नाही. खूप तिरक्या कोनातून काढलेला असेल, किंवा एक दिवसाचा आणि एक रात्रीचा असेल, तर सिफ्टची ताकद तिथे संपते आणि शिकवलेले मॉडेल कामाला येतात. २०१८ चं सुपरपॉइंट बिंदू आणि डिस्क्रिप्टर देतं, २०२० चं सुपरग्लू आणि २०२३ चं लाइटग्लू दोन्ही फोटोंमधले बिंदू एकत्र बघून जोड्या लावतात, आणि २०२१ चं लॉफ्टर तर बिंदू शोधायची पायरीच गाळतं म्हणून कोऱ्या भिंतीवरसुद्धा काहीतरी हाती लागतं. कामाच्या प्रॉडक्टमध्ये घालायच्या आधी लायसन्स वाचा, सुपरपॉइंट आणि सुपरग्लूचे मूळ वेट्स (शिकवून तयार झालेले आकडे) व्यावसायिक वापरासाठी खुले नाहीत, लाइटग्लूचा कोड अपाची लायसन्सचा आहे आणि तो डिस्क नावाच्या दुसऱ्या मॉडेलच्या किंवा सिफ्टच्या बिंदूंवरही चालतो. पायरी ५ आणि ६ या मॉडेलनाही तशाच लागतात, आणि हो, तारखेचा शिक्का झाकायला विसरलात तर त्यावर तेही अगदी आत्मविश्वासाने रेघा मारतात, मी बघितलंय.